सांधा बसविला, पुढे काय?

गुडघे निकामी झाले की माणसाचे जग घराच्या सोप्यापुरते आकसते, हे आपल्याकडच्या प्रत्येक कुटुंबाने पाहिले आहे. जत्रेचा दिवस उजाडतो, पालखी दारावरून पुढे जाते, आणि ज्या आजीने आयुष्यभर देवळाच्या पायऱ्या अनवाणी चढल्या तिला बसल्या जागेवरून हात जोडावे लागतात. गेल्या काही दशकांत ही परिस्थिती पालटली. कृत्रिम गुडघा किंवा कृत्रिम खुबा बसवून घेतलेली माणसे पुन्हा बाजारहाट करू लागली, शेताच्या बांधावर उभी राहू लागली, देवळाच्या राजांगणात दिसू लागली. आधुनिक वैद्यकाने सामान्य माणसाला दिलेल्या वरदानांत या शस्त्रक्रियेचे स्थान फार वरचे आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु वरदानाच्या पोटी एखादा शाप दडलेला असावा, तशी या शस्त्रक्रियेच्या पोटी एक व्याधी आहे. बसविलेल्या सांध्यात जंतू शिरतात आणि तेथेच ठाण मांडतात. प्रमाण पाहावे तर अल्प: जाणत्या शल्यविशारदांच्या हातून झालेल्या पहिल्या शस्त्रक्रियांत शंभरांमागे एक किंवा दोन. पण ज्याच्या वाट्याला हे येते त्याच्या दृष्टीने ते शंभरांपैकी शंभर असते. दुखणे पूर्वीपेक्षा वाढते, जखम वाहू लागते, पुन्हा एक, पुन्हा दुसरी शस्त्रक्रिया होते, घरातील पुंजी आटते. प्रसंगी सांधा कायमचा काढून टाकावा लागतो, क्वचित पायही. काही कर्करोगांच्या तोडीचे मृत्यूचे प्रमाण या व्याधीत आढळले आहे. असे असूनही सांधा बसविण्याच्या जाहिराती जितक्या ठळक, तितकीच या व्याधीविषयीची चर्चा दबलेली. ती उघडपणे व्हावी, यासाठी हा अग्रलेखप्रपंच.

या शस्त्रक्रियेच्या जनकाला मात्र हा शत्रू पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नले यांनी १९६२ साली धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी असा कृत्रिम खुबा यशस्वी केला. त्यांच्या आरंभीच्या रुग्णांत जंतुसंसर्गाचे प्रमाण शेकडा सातांच्या वर होते. चार्नले यांनी हे दैव म्हणून स्वीकारले नाही. शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या हवेची स्वतंत्र काचघरासारखी खोली उभारली, शल्यविशारदांच्या अंगावरचे जंतू हवेत मिसळू नयेत म्हणून खास पोशाख घडविले, आणि काही वर्षांत ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणले. चार्नले यांची अर्धी कीर्ती त्यांच्या खुब्याची, तर उरलेली अर्धी या स्वच्छतेच्या तपश्चर्येची आहे. मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांच्यासारख्या आद्य प्रवर्तकांनी ही शस्त्रक्रिया आपल्या देशात रुजविली. पुढे ती महानगरांतून जिल्ह्याच्या गावी पोहोचली. खुबा गावोगाव पोहोचला. त्याच्यामागची ती तपश्चर्या त्याच वेगाने पोहोचली काय, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न विचारण्यासाठी आम्ही वाचकांना गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर, तेलंगणाच्या उत्तर टोकाला असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात नेऊ इच्छितो. हे ठिकाण आम्ही सहज निवडलेले नाही. पैनगंगेच्या पलीकडे वसलेल्या या मुलखाचे मराठीशी नाते जुने आहे. निजामाच्या राज्यातील या जिल्ह्यातून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले. उरलेल्या आदिलाबादेत आजही मराठी बोलणारी हजारो कुटुंबे तेलुगू, गोंडी आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या शेजारी नांदत आहेत. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आदिलाबाद शहरात २००८ पासून राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. पण मोठ्या, किचकट शस्त्रक्रियेसाठी रुग्णाची नजर आजही दूरच्या दोन शहरांकडे वळते. हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर दक्षिणेस आणि नागपूर सुमारे २०० किलोमीटर उत्तरेस आहे.

या जिल्ह्याला खुब्याच्या दुखण्याचे एक वेगळे, फार करुण कारणही आहे. गोंड, परधान, कोलाम या येथील समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. मध्य भारताच्या साऱ्या आदिवासी पट्ट्याचा हा शाप आहे. या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक. त्या तुंबल्या की तो गोळा मरतो, ढासळतो, आणि विशी-तिशीतला तरुण लंगडू लागतो. साठीनंतर येणारी खुब्याची शस्त्रक्रिया त्याच्या दारात चाळीस वर्षे आधी येऊन उभी राहते. आणि याच रुग्णाची जंतूंशी झुंजण्याची शक्ती उणी असते, कारण प्लीहा हा शरीराचा पहारेकरी या विकारात लहानपणीच निकामी होऊ लागतो. म्हणजे ज्याला कृत्रिम सांधा सर्वांत लवकर लागतो आणि सर्वांत जास्त वर्षे वापरावा लागतो, त्याच्याच सांध्यात जंतू शिरण्याची भीतीही अधिक. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. तिच्यात रक्ततपासणीला अग्रस्थान आहे, ते योग्यच आहे. पण ज्यांची हाडे आज ढासळली आहेत त्यांचे काय, हेही त्याच मोहिमेला विचारावे लागेल.

आदिलाबादच्या केसलापूर गावी दर पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्याआधी मेसराम कुळीचे गोंड पायी चालत गोदावरीवर जातात आणि तिचे पाणी आणून देवाला अभिषेक करतात. पायी वारीचे मोल मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या समाजाची उपासना आणि उपजीविका दोन्ही पायांवर चालतात, त्याच्या तरुणाचा खुबा निकामी होणे म्हणजे काय, हे त्यावरून ओळखावे.

आता या व्याधीचे स्वरूप पाहू. शरीराच्या जिवंत भागात जंतू शिरले तर रक्त तेथे धावून जाते, पांढऱ्या पेशी तुटून पडतात, आणि औषधही रक्ताबरोबर तेथे पोहोचते. धातूला रक्त नाही. स्टॅफिलोकॉकससारखे आपल्या त्वचेवरच राहणारे जंतू शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा पुढे कधीतरी रक्तातून येऊन धातूच्या पृष्ठभागावर चिकटतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत कवच विणतात. वैद्यकात त्याला बायोफिल्म म्हणतात. गोव्याच्या वाचकाला त्याची ओळख वेगळ्या शब्दांत पटेल. विहिरीच्या पायरीवर पावसाळ्यात शेवाळ धरते. वरून कितीही घागरी ओता, ते जात नाही, ते खरवडूनच काढावे लागते. कवचाच्या आत जंतू जवळजवळ निद्रिस्त असतात. मोकळ्या जंतूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट औषधही त्यांना पुरे पडत नाही, आणि एवढी मात्रा माणसाला देता येत नाही. या उपचाराचा सारा गाभा एवढ्यात आहे. केवळ गोळ्यांनी आणि इंजेक्शनांनी हा रोग बरा होत नाही. शेवाळ खरवडावे लागते किंवा पायरीच बदलावी लागते.

त्यातही वेळेला सर्वांत अधिक महत्त्व आहे. सांधा बसविल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत जंतुसंसर्ग प्रकटला, किंवा चांगल्या चाललेल्या सांध्यात रक्तावाटे जंतू येऊन दुखण्याला तीन आठवड्यांपेक्षा कमी काळ झाला असेल, तर कवच अजून कोवळे असते. अशा वेळी सांधा उघडून सडलेला भाग काढून टाकावा, भरपूर पाण्याने धुवावा, मधली प्लास्टिकची चकती बदलावी आणि मूळ धातू तसाच ठेवून औषधे द्यावीत, एवढ्याने अनेक रुग्णांचा सांधा वाचतो. ती वेळ टळली की धातू काढल्याशिवाय गत्यंतर नसते. मग दोन वाटा आहेत. एक, त्याच शस्त्रक्रियेत जुना सांधा काढून, जागा स्वच्छ करून नवा बसविणे. दुसरी, जुना काढून त्या जागी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवणे, काही आठवडे औषधे देणे, आणि जंतू गेल्याची खात्री पटल्यावर नवा सांधा बसविणे. सिमेंटमध्ये प्रतिजैविक कालवण्याची युक्ती जर्मनीत हॅम्बुर्गच्या डॉ. बुख्होल्झ यांनी १९७० च्या सुमारास प्रचारात आणली, आणि एकाच बैठकीत सांधा बदलण्याचा पुरस्कारही त्यांनीच केला. ब्रिटनमध्ये खुब्याच्या १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका शस्त्रक्रियेची वाट दोन शस्त्रक्रियांच्या वाटेहून उणी ठरली नाही. योग्य रुग्ण निवडला तर गरिबाचे एक मोठे ऑपरेशन, एक भूल आणि कित्येक महिन्यांची परवड त्यामुळे वाचू शकते.

औषधांविषयीही गेल्या काही वर्षांत दोन मोलाच्या गोष्टी सिद्ध झाल्या आहेत. हाडासांध्यांच्या जंतुसंसर्गात सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने दिलीच पाहिजेत, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. २०१९ साली ब्रिटनमधील १,०५४ रुग्णांच्या अभ्यासाने दाखविले की पहिल्या आठवड्यानंतर नीट निवडलेल्या गोळ्या दिल्या तरी फळ तेच मिळते. आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोठा आहे. सहा आठवडे नागपुरात किंवा हैदराबादेत खाट अडवून, सोबतच्या माणसाची मजुरी बुडवून पडून राहण्याऐवजी रुग्ण गोळ्यांसह घरी परतू शकतो. मात्र दुसरा निष्कर्ष तितकाच ध्यानात धरायला हवा. फ्रान्समध्ये कृत्रिम सांध्यांच्या ४१० रुग्णांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवडे औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा १८ जणांचा रोग हटला नाही, तर बारा आठवडे घेणाऱ्यांत ते प्रमाण शेकडा ९ वर आले. याचा अर्थ एवढाच की रुग्ण घरी जाऊ शकतो, पण औषध अर्ध्यावर सोडू शकत नाही. तीन महिने गोळी चुकू न देणे, मधूनमधून रक्त तपासणे, यकृतावर परिणाम होतो का ते पाहणे, हे सारे घरापासून चालण्याच्या अंतरावर झाले तरच पहिल्या निष्कर्षाचा लाभ गरिबाच्या पदरात पडेल.

यापुढची गोष्ट आम्ही जरा आवर्जून सांगतो, कारण या रोगात सर्वाधिक हानी येथेच होते. शस्त्रक्रिया होऊन महिना झाला, टाक्यांच्या जागी लाली आली, थोडे पाणी झिरपू लागले, की रुग्ण काय करतो? मोठे रुग्णालय दूर, हातात पैसे नाहीत, कापूस वेचणीचे दिवस. तो जवळच्या दवाखान्यात किंवा थेट औषधाच्या दुकानात जातो आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेतो. लाली ओसरते, सर्वांना हायसे वाटते. आत धातूवर कवच मात्र दाट होत राहते. पुन्हा पंधरा दिवसांनी झिरपते, पुन्हा पाच दिवस, या वेळी दुसऱ्या रंगाची गोळी. असे दोन-तीन महिने गेले की सांधा वाचविण्याची वेळ निघून गेलेली असते. आणि अर्धवट औषधाने जंतू दबल्यामुळे सांध्यातील पाणी तपासणीला पाठविले तर त्यात काहीच उगवत नाही. शत्रू कोण, तेच कळेनासे होते. म्हणून जाणते वैद्य सांगतात की रुग्ण तापाने फणफणलेला नसेल, तर आधी सुईने सांध्यातील पाणी काढा, ते प्रयोगशाळेत घाला, आणि मग औषध सुरू करा. काही जंतू फार सावकाश वाढतात. त्यांच्यासाठी नमुना दोन आठवडेपर्यंत ठेवावा लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळीही एक नव्हे, पाच-सहा ठिकाणचे नमुने घ्यावे लागतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुऱ्या मात्रेच्या औषधाने जंतू निर्ढावतात, असा इशारा दिला होता. आठ दशके लोटली. तो इशारा आपल्या औषधदुकानांच्या फळीपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

येथे रिफाम्पिसिन या औषधाचा उल्लेख केला पाहिजे. धातूवरील स्टॅफिलोकॉकसच्या कवचात शिरू शकणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक आहे. पण हेच क्षयरोगाविरुद्धचे आपले प्रमुख शस्त्र आहे. ते एकटे दिले, किंवा सांधा न धुता दिले, तर जंतू काही दिवसांतच त्याला जुमानेनासे होतात. आणि ज्या देशात सांध्याचा क्षय आजही आढळतो, तेथे निदान न करता ते सुरू करणे म्हणजे एकाच वेळी दोन रोगांना मोकळे रान देणे होय. हे औषध कोणी, केव्हा आणि कशाच्या जोडीने द्यायचे, हे अस्थिशल्यविशारद आणि जंतुशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. असे एकत्र बसणे आपल्या किती रुग्णालयांत घडते?

दोष गावच्या डॉक्टरच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. ज्याच्यापाशी पाणी तपासण्याची सोय नाही, ज्याने सांधा बसविला त्या शल्यविशारदाचा दूरध्वनी क्रमांक नाही, कोणता सांधा बसविला याचा कागद नाही, तो बिचारा गोळी देणार नाही तर काय करणार? दोष व्यवस्थेचा आहे. शस्त्रक्रिया ही एका दिवसाची घटना आहे, अशी आपल्या व्यवस्थेची समजूत आहे. सरकारी आरोग्य योजना शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम मोजतात. रुग्ण घरी गेला की हिशेबाचे पान मिटते. जंतुसंसर्गाचा उपचार मात्र महिन्यांच्या मापाने चालतो. २००७ पासून आंध्रात आणि पुढे तेलंगणात चालत आलेली आरोग्यश्री, महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१८ ची आयुष्मान भारत, आपली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, या सर्वांनी गरिबाला मोठ्या शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत आणले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आता त्यांनी पुढचे पाऊल टाकावे, एवढेच मागणे आहे.

सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण फार जुने नाही. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. दीड लाख रुपयांच्या घरात विकला जाणारा, सर्वाधिक वापरातला गुडघा कर वगळता ५४,७२० रुपयांवर आला. हजारो घरांना त्याचा दिलासा मिळाला. पण गुडघा स्वस्त झाला तशी शस्त्रक्रियांची संख्या वाढणार, आणि संख्या वाढली की शंभरांतील तो एक किंवा दोन हा आकडाही माणसांच्या हिशेबात मोठा होणार. धातूच्या किमतीला मर्यादा आहे. बिघडलेल्या धातूपायी होणाऱ्या खर्चाला नाही.

दुसरे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीने २०१० साली ‘एएसआर’ हा धातूचा खुबा जगभरच्या बाजारातून परत घेतला. तेथे दोष जंतूंचा नव्हता. धातूवर धातू घासून होणाऱ्या झिजेचा होता. आपल्या देशात सुमारे ४,७०० रुग्णांत तो बसविला गेला होता, आणि त्यांतील बहुसंख्यांचा पुढे ठावठिकाणाच लागला नाही. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली आणि खुब्यांची १९७९ साली सुरू केली. कोणता सांधा, कोणत्या रुग्णालयात, किती वर्षे टिकला आणि का बिघडला, हे तेथे सांगता येते. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेने स्वयंस्फूर्तीने नोंदी ठेवण्याचा उपक्रम चालविला आहे, तो स्तुत्य आहे. पण जे स्वेच्छेवर अवलंबून असते त्यात यशाच्या कथा भरतात आणि अपयशाच्या गळतात. मोटारीच्या सांगाड्यावरचा क्रमांक सरकार लिहून ठेवते. माणसाच्या हाडात ठोकलेल्या वस्तूचा क्रमांक लिहून ठेवू नये काय?

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सांधा बसविलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती त्याच्या भाषेत एक कार्ड द्यावे: सांध्याचा प्रकार, तारीख, रुग्णालय, आणि धोक्याची लक्षणे दिसताच संपर्क साधण्याचा क्रमांक. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सांध्यातील पाणी निर्जंतुक रीतीने काढण्याची आणि ते तपासण्याची सोय असावी. ही काही कोट्यवधींची यंत्रे लागणारी गोष्ट नव्हे. प्रत्येक राज्यात निदान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिशल्यविशारद, जंतुशास्त्रज्ञ आणि वैद्य यांचे एक पथक या रोगासाठी नेमावे, आणि जिल्ह्यांतील डॉक्टरांना दूरध्वनीवर सल्ला देणे हे त्याचे कर्तव्य ठरावे. आरोग्य योजनेने सांध्याबरोबरच पुढच्या वर्षभरातील जंतुसंसर्गाची जबाबदारी उचलावी. त्यात दोन्ही शस्त्रक्रिया, तीन महिन्यांची औषधे आणि प्रवासाचा खर्च धरावा. नोंदवही सक्तीची व्हावी आणि प्रत्येक रुग्णालयाचे जंतुसंसर्गाचे प्रमाण उघड व्हावे.

ही जबाबदारी राज्याच्या सीमेवर अडता कामा नये, हेही आदिलाबादच शिकवते. जुन्या आदिलाबादच्या केरामेरी भागात आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात परमडोली, मुकादमगुडा, अंतापूर अशी काही मराठीभाषक गावे आहेत, ज्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. तेथील अनेकांपाशी दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आहेत. पण दोन शिधापत्रिका असलेल्या माणसाचा पाय सुजला तर त्याला कोणत्या राज्याने उचलायचे, हे कोणत्याच पत्रिकेवर लिहिलेले नसते.

हे सारे वाचून गोव्याच्या वाचकाने ‘आपल्याकडे असे नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नये. आदिलाबादेत जो दरवाजा सिकलसेल उघडतो, तोच आपल्याकडे मधुमेह उघडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळले: प्रौढांत शेकडा २६.४, म्हणजे चारांमागे एकाहून अधिक. अनियंत्रित साखर ही सांध्यातील जंतूंची सर्वांत मोठी मैत्रीण. आपले कित्येक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबई-बेळगावला जातात आणि टाके वाळण्याआधी घरी परततात; जखम झिरपू लागली की त्यांचीही अवस्था त्या दूरच्या जिल्ह्यातील रुग्णासारखीच होते. १८४२ च्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारे बांबोळीचे आपले गोवा वैद्यकीय महाविद्यालय सिंधुदुर्ग आणि कारवारच्या रुग्णांचाही आधार आहे. कृत्रिम सांध्यांच्या जंतुसंसर्गाचे असे पथक त्याने उभारावे आणि सीमेपलीकडच्या रुग्णालाही त्याचे दार उघडे ठेवावे. छोट्या राज्याला हे जमू शकते, आणि मोठ्या राज्यांना त्याचा कित्ता गिरवता येईल.

सरकार करील ते करील. घरानेही आपले करावे. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणावी, किडलेले दात आणि पायांच्या भेगा बऱ्या करून घ्याव्यात, तंबाखू सोडावी. शल्यविशारदाला किंमत विचारतो तसे हेही निःसंकोच विचारावे: जंतू शिरले तर तुम्ही काय कराल, आणि आम्हांला कोठे भेटाल? शस्त्रक्रियेनंतर सांधा गरम लागला, लाल झाला, जखम झिरपली, किंवा चांगला चाललेला गुडघा एका रात्रीत सुजला, तर दुकानातील गोळीला हात न लावता त्याच दिवशी ज्याने सांधा बसविला त्याला गाठावे. हा रोग असाध्य नाही. वेळेवर आणि जाणत्या हाती पडलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य पुन्हा चालू लागतात. दगावतात ते बहुधा वाट पाहत राहिलेले.

केसलापूरला पाण्याची घागर घेऊन चालणारा गोंड तरुण आणि आपल्या देवळाच्या पायरीशी क्षणभर थबकलेली आजी यांच्या देहात आज एकाच कारखान्याचा धातू असू शकतो. दोघांच्याही पहिल्या पावलाचे आपण कौतुक केले. ते पाऊल अडखळले तर हात कोण देणार, याचे उत्तर देण्याचे मात्र समाजाकडून आणि सरकारकडून राहून गेले आहे. ते उत्तर आता कागदावर नव्हे, जिल्हा रुग्णालयाच्या दारात मिळाले पाहिजे.